आरशावरचा राग

गुन्हेगारीचे दर्शन घडविणारा चित्रपट आला, की समाज बिघडत चालल्याची हाकाटी सुरू होते. समाज आधीच बिघडला असल्यामुळे असा चित्रपट निघाला असेल, ही शक्यता मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही. हॉलिवुडच्या 'स्कारफेस' या १९३२ सालच्या चित्रपटाची कथा या दृष्टीने आजही उद्‌बोधक आहे.

निर्माता हॉवर्ड ह्यूज, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि लेखक बेन हेक्ट यांचा हा चित्रपट शिकागोच्या अल कपोनवर बेतलेला होता, हे उघड गुपित होते. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी अमलात आली. कायद्याने दारू बंद झाली. तहान मात्र बंद झाली नाही. ती भागविण्याच्या धंद्यातून टोळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पैशाने पोलीस व पुढारी विकत घेतले गेले. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. त्या हत्याकांडाची छाया या चित्रपटावर स्पष्ट पडलेली आहे. पॉल मुनीने रंगविलेला टोनी कॅमोंटे हा या व्यवस्थेचाच पुत्र होय.

चित्रपट सरकारला जाब विचारून सुरू होतो. नीतीच्या रक्षकांना नेमके हेच झोंबले असल्यास नवल नाही. त्यांच्या आग्रहाने चित्रपटाला 'राष्ट्राची लाज' असे उपशीर्षक जोडण्यात आले. एक नवा प्रसंगही घुसडण्यात आला. त्यात एक वृत्तपत्रमालक नागरिकांनाच दोषी ठरवितो, कायदे कडक करा म्हणतो आणि परक्या देशांतून आलेल्यांना हद्दपार करण्याची मागणी करतो. दोष अशा रीतीने शासनाच्या माथ्यावरून नागरिकांच्या आणि निर्वासितांच्या माथी सरकला. ज्याच्यावर हा सारा रोख होता, तो कपोन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला अमेरिकन नागरिक होता. त्याला हद्दपार करणार तरी कोठे?

पुढे शेवटही बदलण्यात आला. टोनी पकडला जातो, न्यायाधीश त्याला उपदेशाचे डोस पाजतो आणि तो फासावर जातो. या भागासाठी मुनी उपलब्ध नसल्याने नायकाचा चेहरा न दाखविताच त्याला फाशी देण्यात आली! एवढे करूनही न्यूयॉर्कच्या सेन्सॉरचे समाधान झाले नाही. अखेर ह्यूजने पोलिसांच्या गोळ्यांनी टोनी मरतो, तो शेवट ठेवून चित्रपट प्रदर्शित केला.

कायद्याचा विजय पडद्यावर दाखविण्याचा असा हट्ट चालू असताना प्रत्यक्षात काय घडत होते? ऑक्टोबर १९३१ मध्ये कपोनला अकरा वर्षांची शिक्षा झाली, ती प्राप्तिकर चुकविल्याबद्दल, खुनाबद्दल नव्हे. जी फाशी शासनाला न्यायालयात मिळविता आली नाही, ती चित्रपटाकडून वसूल करण्याचा हा प्रकार होता. नीतीच्या नावाने असत्याची मागणी करण्यात आली, ती अशी.

पडद्यावरच्या गुंडाचे तरुण मनाला आकर्षण वाटते, हा आक्षेप पोकळ नाही. टोनीचे उंची कपडे, मोटारी आणि बेदरकारी यांत मोहिनी आहेच. 'जग तुझे आहे' ही दिव्यांची जाहिरात त्याला खुणावते आणि प्रेक्षकालाही खुणावते. परंतु त्या मोहाची किंमत चित्रपट स्वतःच सांगतो. ज्या बहिणीवर तो हक्क गाजवितो, तिचा नवरा त्याच्याच हातून मरतो; पुढे तीही पोलिसांच्या गोळीला बळी पडते. शेवटी एकटा उरलेला टोनी प्राणांची भीक मागतो, पळतो आणि त्याच जाहिरातीखाली कोसळतो. न्यायाधीशाच्या व्याख्यानापेक्षा हे दृश्य अधिक बोलके आहे.

१९३४ पासून हॉलिवुडची आचारसंहिता कठोरपणे राबविली जाऊ लागली आणि असे चित्रपट काढणे दुष्कर झाले. परंतु टोळ्यांचा मुख्य धंदा त्याआधीच, डिसेंबर १९३३ मध्ये, एका घटनादुरुस्तीने मोडला होता. दारूबंदी उठविण्याचे ते काम ना सेन्सॉरने केले, ना उपशीर्षकाने. आरशावर रागावून चेहऱ्यावरचा व्रण जात नाही; त्यासाठी व्रणावरच उपचार करावा लागतो.