बसलेले गाल

सुई टोचून बसलेले गाल भरतात, हे आता आपल्या होळीतल्या मुलींनाही ठाऊक आहे. पण अशा एका औषधाला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली, ती एचआयव्हीच्या रुग्णांसाठी. त्याच वर्षी १ एप्रिलपासून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एचआयव्हीची औषधे मोफत सुरू झाली. जीव वाचले, पण त्यातल्या स्टॅव्हुडिन गोळीने कित्येकांच्या गालांची चरबी झडली. आजार लपवावा, तर चेहराच चुगली करी. मग पाण्याचा पेलाही वेगळा! (हा विटाळ आपल्याला नवा नाही.) ती गोळी पुढे बंद झाली. गाल भरणारी सुई मात्र गरिबाच्या खिशाबाहेरच राहिली.

स्वस्तात म्हणून पार्लरमध्ये ती टोचून घेऊ नका. औषध रक्तवाहिनीत गेले तर दृष्टी जाऊ शकते. आधी डॉक्टरची पदवी विचारा.