ब्लोअरची सर्व्हिसिंग : मेकॅनिकला पैसे द्यावेत की घरीच भागवावे?

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात खर्चाची यादी तयार होते. मजूर, पेस्ट, खते, औषधे. या यादीत ब्लोअरची सर्व्हिसिंग बहुधा शेवटी येते आणि पैसे कमी पडले की सर्वांत आधी तीच कापली जाते. ‘चालतोय ना, मग कशाला?’ हा त्यामागचा हिशेब. तो महागात पडतो. मात्र ‘सगळेच मेकॅनिककडून करून घ्या’ हा सल्लाही तितकाच चुकीचा आहे. पैसे कुठे द्यायचे आणि कुठे वाचवायचे, हे कामानुसार ठरवायला हवे.

चालणारा ब्लोअर बिघडलेला असू शकतो का?

असू शकतो. ट्रॅक्टर बंद पडला तर लगेच कळते. ब्लोअर मात्र बिघडूनही फवारत राहतो. औषधाच्या घर्षणाने नोझलचे छिद्र हळूहळू मोठे होते. पितळी नोझल लवकर झिजतात, सिरॅमिकचे जास्त टिकतात. छिद्र मोठे झाले की द्रावण जास्त जाते, थेंब जाड होतात आणि पानावर न टिकता खाली ओघळतात. म्हणजे औषध जास्त लागते आणि डाऊनी, भुरीवर परिणाम कमी होतो. अशा वेळी आपण औषधाला दोष देतो आणि पुढची फवारणी आणखी महाग करतो.

नुकसान किती होते?

एक साधे उदाहरण घेऊ. ओळींमधले अंतर ९ फूट असेल, तर एका एकरात साधारण १,४७५ मीटर लांबीच्या ओळी बसतात. ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटर वेगाने चालला, तर वळणे सोडून २२ मिनिटे लागतात. दहा नोझल असून प्रत्येकातून मिनिटाला १.२ लिटर द्रावण येत असेल, तर एकरी २६४ लिटर लागते. नोझल झिजून तेच १.५ लिटर झाले, तर एकरी ३३० लिटर. म्हणजे ६६ लिटर जादा. दहा फवारण्यांत एकरी ६६० लिटर द्रावण वाया जाते. आपल्या औषधाच्या बिलावरून याची किंमत ज्याची त्याने काढावी आणि मग सर्व्हिसिंगचा खर्च तिच्याशेजारी मांडावा.

‘टाकी नेहमीइतक्याच एकरांत संपते’ यावर भिस्त ठेवू नये. तो फक्त सरासरीचा आकडा आहे. दोन नोझल तुंबलेले आणि दोन झिजलेले असले, तरी टाकी वेळेवरच संपते. वेलीचा एक भाग मात्र कोरडा राहतो आणि दुसऱ्यावर औषधाचा मारा होतो. रोगाला कोरडा भाग पुरतो आणि निर्यातीच्या मालात अवशेष वाढायला माराच पुरतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. दोष फवारणी यंत्राचा नव्हता. पण अवशेषांचा एक आकडा चुकला तर किती किंमत मोजावी लागते, हे बागायतदारांनी तेव्हा पाहिले.

घरी काय करता येते?

नोझल तपासायला मेकॅनिक लागत नाही. टाकीत स्वच्छ पाणी भरा. पंखा बंद ठेवा, नेहमीचा दाब धरा. प्रत्येक नोझलला रबरी नळीचा तुकडा लावून एका मिनिटाचे पाणी मापात घ्या. नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी आले, तर तो नोझल बदला. कमी आले तर साफ करा. त्यासाठी जुना मऊ टूथब्रश वापरा. तार घातली की छिद्र मोठे होते. नोझल तोंडाने फुंकणे तर पूर्ण टाळा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरून चालणार नाही.

गाळणी धुणे, फवारणीनंतर टाकी व पाइप स्वच्छ पाण्याने धुणे, ग्रीस देणे, पाइपची गळती पाहणे ही कामेही घरचीच. यासाठी पैसे देणे म्हणजे आपल्या आळसाचे भाडे भरणे.

मेकॅनिक कधी हवाच?

पंपाचे तेल दुधासारखे पांढरे दिसले, तर आत पाणी शिरले आहे; बहुधा डायफ्रॅम फाटलेला असतो. दाब स्थिर राहत नसेल, पंखा थरथरत असेल, बेअरिंग आवाज करत असेल, तर यंत्र उघडणाऱ्याला अनुभव हवा. पीटीओ शाफ्टच्या बाबतीत तर तडजोड नकोच. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. त्यात उपरण्याचे किंवा साडीचे टोक अडकले, तर माणसाला हात काढायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवर कव्हर नसेल तर आधी ते बसवा, मग नोझल मोजा. यंत्र वॉरंटीत असेल तर पंप स्वतः उघडू नका.

पैसे देताना काय मागावे?

‘सर्व्हिसिंग केली’ एवढ्यावर पैसे देऊ नयेत. सर्व्हिसिंगआधी आणि नंतर प्रत्येक नोझलमधून मिनिटाला किती पाणी आले, दाब किती होता, कोणता भाग बदलला, हे कागदावर मागावे. दाबाचा काटा यंत्र बंद असताना शून्यावर येतो का, हे स्वतः पाहावे. मोजमाप न देणारा मेकॅनिक यंत्र धुऊन देतो, दुरुस्त करून देत नाही.

युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशाने आपल्या शेतकऱ्यांना फवारणी यंत्रांची ठरावीक काळाने तपासणी बंधनकारक केली. २०२० नंतर हे अंतर जास्तीत जास्त तीन वर्षांचे आहे. त्याच बाजारात आपण द्राक्षे पाठवतो. तिथे आपला माल तपासला जातो; माल पिकवणारे यंत्र मात्र आपण नशिबावर सोडतो.

दोन एकरांच्या बागायतदाराला हा खर्च एकट्याने जड जातो, हे खरे. म्हणून गावातल्या आठ-दहा जणांनी मिळून एक दिवस मेकॅनिक बोलवावा. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि द्राक्ष बागायतदार संघाने छाटणीआधी गावोगाव तपासणीचे दिवस ठेवावेत. ब्लोअर भाड्याने घेणाऱ्यानेही आधी नोझल मोजायला सांगावे. भाडे तो देतो, बागही त्याचीच आहे.

तेव्हा नोझल आपण मोजावेत. पंप आणि शाफ्ट जाणकाराच्या हाती द्यावेत. आणि हे काम छाटणीआधीच उरकावे. पोंगा फुटल्यावर पाऊस आला, तर बाग मेकॅनिकच्या तारखेची वाट पाहत नाही.