धर्माच्या गाईचे दात

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, ही म्हण ज्याने काढली त्याने घेणाराचे तोंड कायमचे बंद करून ठेवले. लिनक्स वापरणाऱ्यांच्या मेळ्यात ही म्हण मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. संगणकाचा डेस्कटॉप नव्या आवृत्तीवर नेला, रोजची बटणे जागेवरून नाहीशी झाली आणि त्याबद्दल चार शब्द बोललो, की कोणीतरी जाणकार बजावतोच, "मास्तर, फुकट मिळाले आहे ना? मग कुरकुर कसली?" या युक्तिवादाचा एकदा समाचार घ्यायला हवा.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लिनक्स हा यंत्रणेचा गाभा. पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, मेनू, खालची पट्टी हे सारे रचणारी मंडळी वेगळी. त्यांच्या या रचनेला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. त्यांत मोठी घराणी दोन: 1996 साली सुरू झालेले केडीई आणि 1997 सालचे ग्नोम. दोघांनीही एकेकदा आपल्या बिऱ्हाडकरूंना भर पावसात बाहेर उभे केले आहे. केडीईने जानेवारी 2008 मध्ये 4.0 ही आवृत्ती काढली. हा नुसता नवा पाया आहे, पुरे झालेले घर नव्हे, असे कर्त्यांचे म्हणणे. पण पाटी मात्र पुऱ्या घराची लावली होती. एप्रिल 2011 मध्ये ग्नोमने 3.0 आणली. खिडकी खाली ठेवण्याचे बटण गेले, उघड्या खिडक्यांची पट्टी गेली, आणि संगणक बंद करण्याचा पर्याय ऑल्टची कळ दाबून धरल्याखेरीज दिसेना! सप्टेंबर 2023 मधल्या ग्नोम 45 ने तर लोकांनी हौसेने लिहिलेली सगळी जोडकामे एका फटक्यात निकामी केली. ज्याची त्याने नव्याने लिहावीत, असा खाक्या.

"होईल सवय," असे यावर उत्तर मिळते. सवय म्हणजे काय, हे मास्तराला विचारावे. मागे एकदा शाळेतल्या संगणकांवर डेस्कटॉप बदलला, आणि मराठी-इंग्रजी बदलण्याची खूण पट्टीवरून गेली. कोणता डेस्कटॉप, ते सोडा. एका मुलीने मला विचारले, "सर, मराठी कुठे गेली?" ती खूण शोधण्यात आणि पुन्हा मुलांच्या हाती बसवण्यात आठवड्याचे तास गेले. ज्याच्या घरी संगणक आहे तो मुलगा रात्री बसून नवे शिकेल. ज्याला आठवड्याचे दोनच तास मिळतात, त्याने ते तास कोणाकडून वसूल करावेत? हाताला लागलेले वळण ही कष्टाने मिळवलेली मिळकत आहे. ती मोडणाराने निदान हिशेब तरी द्यावा.

आणि ही गाय धर्माची आहे, हे तरी कोणी ठरवले? रात्री जागून विनामोबदला खपणारे पुष्कळ आहेत, त्यांना माझा नमस्कार. परंतु या कामावर कंपन्यांचे पगारी लोकही आहेत, आणि कंपन्यांनी सदावर्त घातल्याचे माझ्या ऐकिवात नाही. शिवाय या मालाच्या दानपत्रातच लिहिले आहे, की घेणाराने तो उघडून पाहावा, बदलावा, इतरांना वाटावा. म्हणजे दात मोजण्याची परवानगी दात्यानेच दिलेली! खुद्द लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्स केडीई 4 वर चिडून ग्नोमकडे गेला, 2011 मध्ये ग्नोमवर चिडून एक्सएफसीईकडे गेला, आणि 2013 मध्ये पुन्हा ग्नोमकडे आला. त्याला कोणी कृतघ्न म्हटले नाही. मग शाळामास्तरालाच का म्हणावे? अर्जेंटिनातल्या एका माणसाने तर 2011 मध्येच टाकून दिलेला जुना ग्नोम उचलला आणि तिकडच्या एका पेयावरून त्याला माते हे नाव देऊन जगवला. टीका करणारा असा कामाला लागला, की बोलणाराची तोंडे आपोआप मिटतात.

तथापि आमच्या बाजूच्या मंडळींनाही दोन शब्द ऐकवणे प्राप्त आहे. जुने ते सोने म्हणून वर्षानुवर्षे नवी आवृत्ती न घेणारे शहाणे नव्हेत. पडदा रंगवणारी जुनी यंत्रणा, एक्स11, 1987 ची. तीत एका खिडकीत टंकलेली अक्षरे दुसऱ्या खिडकीतला कार्यक्रम चोरून वाचू शकतो, परवलीचे शब्दसुद्धा. 2008 मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ही वाट बंद केली, आणि फेब्रुवारी 2024 मधल्या केडीई प्लाझ्मा 6 ने वेलँडच पहिल्या पसंतीचे केले. दोन पडद्यांवर अक्षरे वेगवेगळ्या मापांची ठेवायची, तर वेलँडवर ते सुखाने जमते. माझ्यासारख्या चाळिशी लागलेल्या कादंबरीकाराला दीडपट मोठे आणि तरीही रेखीव देवनागरी अक्षर म्हणजे काय, हे निरोगी डोळ्यांच्या तरुणांना कळायचे नाही. हे लाभ खरे आहेत. ते घेण्यासाठी नवी आवृत्ती घेतलीच पाहिजे, आणि मी घेतो.

माझे मागणे मोठे नाही. नवे घर राहण्याजोगे होईपर्यंत जुने पाडू नये. काय काढले आणि का काढले, ते साध्या भाषेत लिहावे. आणि नेहमीची रीत बदलताना बिऱ्हाडकरूला एकदा विचारावे: जुनी ठेवायची, की नवी घ्यायची? आम्हीही नुसता शिमगा न करता बिघाड नीट लिहून कळवावा, मराठी भाषांतराला हात लावावा. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्यालाही हे काम जमते. त्याला व्याकरण लागते, पदवी लागत नाही.

एवढे करून मग आम्ही गाईचे दात खुशाल मोजू. जिचे दूध आमची मुले पितात, तिच्या तोंडात काय चालले आहे हे पाहणे आमचे कामच आहे.