कड्यावरचा विमानतळ आणि कड्याखालची रयत

विमानतळाशीं आपला काय संबंध, असें पुष्कळ शेतकरी बंधु म्हणतील. डोक्यावरून विमान गेलें तर पोरांस बोट करून दाखवावें आणि पुन्हां पाभरीमागें चालूं लागावें, एवढाच काय तो आपला संबंध! परंतु ज्याचें रान घेऊन धावपट्टी होते तो शेतकरी आपला, आणि पोटासाठीं त्याच धावपट्टीवरून दुबईची वाट धरणारा गवंडी, सुतार, ड्रायव्हर हाही आपलाच. रत्नागिरीकडील वाचकांस हें सांगावयास नको. म्हणून केरळांतील करीपूर येथील हकीकत आज थोडी विस्तारानें देत आहों.

मलप्पुरम जिल्ह्यांत कोंडोट्टीजवळ करीपूर म्हणून गांव आहे. तेथें डोंगराचा माथा छाटून विमानतळ केला व १३ एप्रिल १९८८ रोजीं तो सुरू झाला. कोझिकोडचा विमानतळ म्हणतात तो हाच. धावपट्टीच्या दोन्ही टोकांस उतार. घराच्या ओट्यावर बैलगाडी हाकावी तसा हा प्रकार! तिकडील घरोघरचे पुरुष आखाती देशांत राबतात, घरीं पैसा धाडतात, आणि त्या पैशावर गांव चालतें. तेव्हां असा विमानतळ त्या लोकांस नको होता असें नव्हे, हवाच होता. पण हवा होता म्हणून तो कसाही चालवावा काय?

तारीख ७ ऑगस्ट २०२०. करोनाचे दिवस. दुबईहून एअर इंडिया एक्सप्रेसचें विमान १९० माणसें घेऊन आलें. त्यांत काम सुटून रिकाम्या हातानें परतणारेही होते. संध्याकाळ होऊन गेलेली, पाऊस कोसळत होता. एकदां उतरण्याचा प्रयत्न करून वैमानिकांनीं विमान वर उचललें, आणि मग दुसऱ्या बाजूनें, वारा पाठीशीं घेऊन, उतरविलें. उतरण्यासाठीं ८८५८ फूट धावपट्टी होती. त्यांतील ४४३८ फूट मागें पडल्यावर चाकें टेकलीं. ओल्या पट्टीवर विमान थांबलें नाहीं. कड्यावरून खालीं जाऊन त्याचे तुकडे झाले. एकवीस माणसें गेलीं, त्यांत दोन्ही वैमानिक. आग लागली नाहीं म्हणून बाकीचे वाचले.

आणि त्यांस बाहेर काढण्यास प्रथम कोण धांवलें? कड्याखालची रयत. कोंडोट्टीचा भाग रोगामुळें बंद केलेला होता, अनोळखी माणसास शिवूं नये असा हुकूम होता. तरी लोक चिखलांतून धांवले, पोरेंबाळें उचललीं, आपल्या मोटारींत व रिक्षांत घालून जखमींस इस्पितळांत पोंचविलें, आणि रात्रीं रक्त देण्यास रांगा लावल्या. पुढें त्यांनाच विलगीकरणांत बसावें लागलें. कोणाची जात कोणती, धर्म कोणता, हें त्या रात्रीं कोणीं विचारलें नाहीं.

आतां दोष कोणाचा? चौकशीचा अहवाल २०२१ च्या सप्टेंबरांत बाहेर आला. मुख्य वैमानिकानें नियम सोडला, सहकाऱ्यानें विमान पुन्हां वर घ्या म्हटलें तें ऐकलें नाहीं, असें त्यांत आहे. हे गृहस्थ आमच्याच महाराष्ट्रांतले, हवाई दलांत नोकरी केलेले. मेलेला माणूस जाब देऊं शकत नाहीं, म्हणून सगळें त्याच्याच माथीं मारून मोकळें होणें सोपें असतें. पण अहवाल नीट वाचला तर निराळेंच दिसतें. त्याच्या बाजूची कांच पुसणारा वायपर कांहीं सेकंद चालून बंद पडला. कंपनीनें कोझिकोडला सव्वीस दुय्यम वैमानिक ठेवले होते, आणि मुख्य वैमानिक फक्त एक! त्यालाच दुसऱ्या दिवशीं सकाळचें विमान न्यावयाचें होतें. दुसरें एक विमान उडावयाचें म्हणून मनोऱ्यावरील अधिकाऱ्यानें घाईनें धावपट्टीची दिशा बदलली. एकाच गड्याकडून रात्रंदिवस मोट ओढवून घ्यावयाची, आणि दोर तुटला म्हणजे गडी बेफिकीर म्हणावयाचें, हा न्याय आमच्या शेतकरी वाचकांस नवा नाहीं.

शिवाय इशारा नव्हता असेंही नाहीं. २२ मे २०१० रोजीं मंगळूरला, तेंही असेंच डोंगरमाथ्यावरचें ठिकाण, त्याच कंपनीचें दुबईहून आलेलें विमान असेंच पुढें जाऊन १५८ माणसें मेलीं. त्यानंतर २०११ सालीं कॅप्टन मोहन रंगनाथन या जाणत्या वैमानिकानें लिहून कळविलें होतें कीं, पाऊस व पाठीशीं वारा असतां करीपूरला त्या बाजूनें उतरणें धोक्याचें आहे. नऊ वर्षें गेलीं!

अपघातानंतर मोठीं विमानें बंद झालीं. २०२४ सालीं तेथून हजला जाणाऱ्या गरीब यात्रेकरूंस शेजारच्या कोचीपेक्षां कितीतरी जास्त भाडें पडलें, तें यामुळेंच. २०२३ सालीं धावपट्टीचें डांबर नवें केलें, मधोमध दिवे बसविले, हें बरें झालें. परंतु मुख्य प्रश्न टोकाच्या मोकळ्या पट्टीचा. विमान पुढें गेलेंच तर त्यास अडविण्यासाठीं दोन्ही टोकांस २४० मीटर मोकळी जागा पाहिजे. एक तर धावपट्टी कापून २५४० मीटर करा, नाहीं तर पळ्ळिक्कल व नेडियिरुप्पु येथील साडेचौदा एकर जमीन द्या, असा पेंच पडला. अखेर जमीन घेतली गेली.

आम्ही स्पष्ट लिहितों. ही जमीन द्यावयासच हवी होती. एक इंचही देऊं नका, असें सांगणारे पुढारी आम्हांस पटत नाहींत. त्या विमानांत बसणारें पोर आपल्याच घरचें आहे. पण ज्यांनीं रात्रीं चिखलांत उतरून माणसें वांचविलीं त्यांच्याच घरांवर मोजणीची सांखळी यावी, आणि तीही पहिल्यांदां नव्हे, पुन्हां पुन्हां यावी, हें कोणत्या हिशोबांत बसतें? आज दहा एकर, चार वर्षांनीं आणखी पांच. अशानें त्या गांवांतला मनुष्य विहीर खोदीत नाहीं, माडी चढवीत नाहीं, पोरीचें लग्नसुद्धां जमीन राहते कीं जाते हें पाहून ठरवितो. आणि दरी भरावयास माती आणावयाची म्हणजे दुसरा डोंगर फोडावयाचा. त्याच्या पायथ्याचीं घरें निराळींच.

त्या अपघातांतून वांचलेल्यांनीं व मृतांच्या नातलगांनीं, मिळालेल्या भरपाईंतून वर्गणी काढून गांवच्या सरकारी दवाखान्यास इमारत बांधून देण्याचें २०२२ सालीं जाहीर केलें. विमान कंपनीचे हिशोब मोठे, सरकारचे त्याहून मोठे. पण गांवचें देणें ओळखलें तें या जखमी माणसांनीं.

आमच्याकडे २०१६ सालापासून पुरंदर तालुक्यांतील सात गांवांवर विमानतळाचा विषय येऊन बसला, त्यांत जोतीरावांच्या घराण्याची खानवडीही आहे. अशा गांवकऱ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, होय किंवा नाहीं म्हणण्यापूर्वीं पुढील तीस वर्षांचा संपूर्ण नकाशा मागा. धावपट्टी किती, टोकाची मोकळी पट्टी किती, भरावाची माती कोणत्या डोंगराची, पावसाचें पाणी कोणाच्या शेतांत उतरणार, हें लेखी घ्या. २०१३ च्या कायद्यानें बाजारभावावर शंभर टक्के दिलासा मिळतो. तो हातांत पडल्यावांचून ताबा देऊं नका, आणि पुनर्वसनाची जागा पायांनीं चालून पाहिल्यावांचून अंगठा उठवूं नका.