गोळी द्यावी की घर पाहावे?

वाचकहो, घरातली बाई महिना-महिना गप्प बसून राहिली, अन्नावरची वासना उडाली, झोप लागेना, की ओट्यावर दोन सल्लागार हमखास भेटतात. एक म्हणतो, "डोक्यातलं केमिकल कमी झालंय, गोळी सुरू करा." दुसरा म्हणतो, "गोळीबिळी नको, परिस्थितीच तशी आहे."

माणसाचे वागणे त्याच्या एखाद्या सुट्या भागावरून उलगडायचे, या पहिल्या रीतीला मानसशास्त्रात रिडक्शनिझम म्हणतात. शरीर, घर, काम, शेजार सगळे एकत्र धरायचे, तो होलिझम.

जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल भागातल्या बायकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. १९७८ साली त्यांचे पुस्तक आले. उदासीच्या आजाराआधी बहुधा एखादा मोठा आघात किंवा दीर्घ ओढाताण होती. पण आघात झालेली प्रत्येक बाई खचली नाही. जिला मनातले सांगायला जवळचे माणूस नव्हते, घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुले होती, बाहेर नोकरी नव्हती, अकरा वर्षांची होण्याआधी जिने आई गमावली होती, ती जास्त खचली. कामगार घरांतल्या बायकांत हे प्रमाण मध्यमवर्गापेक्षा बरेच जास्त निघाले. यातले काय रक्ताच्या तपासणीत दिसणार?

मेंदूतील सेरोटोनिन कमी पडते म्हणून उदासी येते, हे पुष्कळ वर्षे छातीठोकपणे सांगितले गेले. २०२२ साली उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा निघाला. त्यात याला भक्कम पुरावा सापडला नाही. म्हणून गोळ्या निकामी ठरत नाहीत. पुष्कळांना त्यांनी आराम पडतो, आणि चालू गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करणे धोक्याचे आहे. पण क्रोसिनने ताप उतरला, म्हणून ताप क्रोसिन कमी पडल्याने आला होता, असे नव्हे!

तरी माझा जास्त राग दुसऱ्या सल्लागारावर आहे. थायरॉईड मंदावले की सुस्ती येते, मनही खचू शकते. ते साध्या रक्ततपासणीत सापडते. "परिस्थिती" म्हणून हात झटकले, की ती तपासणी राहूनच जाते. आम्ही कारकून ताळेबंद जुळेना तर एकेक व्हाउचर काढून बघतो. धंदा का बुडाला हे मात्र व्हाउचर सांगत नाही.

तेव्हा दवाखान्यात नेताना थायरॉईड व हिमोग्लोबिनचे विचारावे. त्याचबरोबर घरात कोण गेले, काम कधी सुटले, ती मन कोणाजवळ मोकळे करते, हेही सांगावे. आणि तिला स्वतःला बोलू द्यावे. पुष्कळदा केसपेपरवर सोबत आलेल्याचेच म्हणणे उतरते.