पाचवा ‘लागला’ की पाच ‘झाले’? सोनोग्राफीच्या तारखेचा घोळ महागात पडतो

विजयदुर्ग : गरोदर बाईला डॉक्टर सांगतात, “पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी करून घ्या.” घरी आल्यावर त्या एका वाक्याचे तीन अर्थ निघतात. सुनेला वाटते, पाचवो लागलो की जायचे. सासूचे म्हणणे, पाच म्हयने पुरे होऊंदेत, मग बघू. मुंबईहून फोनवर नवरा विचारतो, पाळी चुकली तेव्हापासून मोजायचे ना? तिघेही काळजीनेच बोलतात, पण तिघांच्या मोजणीत मिळून दोन महिन्यांचा फरक पडू शकतो.

डॉक्टर ज्याला अ‍ॅनॉमली स्कॅन म्हणतात, ती ही तपासणी. बाळाचे अवयव नीट घडले आहेत का, हे एकेक करून त्यात बघतात. तिची योग्य वेळ १८ ते २० आठवडे. काही कारणाने उशीर झाला तर २२ पर्यंत चालवून घेतात. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे असतात, पाळी चुकली त्या दिवसापासून नाही. तिथेच चार आठवडे इकडचे तिकडे होतात. शिवाय १८ आठवडे म्हणजे चार महिने आणि वर पाच-सहा दिवस. म्हणजे पाचवा नुकता लागलेला असतो. ‘पाच पुरे झाले’ म्हणेपर्यंत बाविसावा आठवडा उजाडतो. त्यात मोजणी चुकलेल्या पाळीपासून असेल, तर बाई दवाखान्यात पोचते तेव्हा सव्वीस आठवडे झालेले असतात. जुन्या माणसांचा अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब आणखी वेगळा, तो महिना साडेएकोणतीस दिवसांचा.

इतकी घाई का, असा प्रश्न येतो. अठरा आठवड्यांच्या आधी बाळाचे हृदय इतके लहान असते की त्याचे चार कप्पे आणि बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसणे कठीण. फार उशीर झाला तर बाळाची हाडे घट्ट होतात, त्यांची सावली पडते, आणि बाळ एका कुशीवर दाटून बसते. मधल्या दिवसांत गर्भजल भरपूर असते, त्यामुळे डोके, ओठ, पाठीचा कणा, हृदय, पोट, मूत्रपिंडे, हातपाय असे सगळे बघता येते. वार कुठे चिकटली आहे तेही कळते.

दुसरे कारण कायद्याचे. २००८ मध्ये मुंबईतील एका दांपत्याने उच्च न्यायालयात धाव घेतली होती. बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास कळले होते. १९७१ च्या कायद्यानुसार गर्भपाताची मर्यादा तेव्हा २० आठवड्यांची. ऑगस्ट २००८ मध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली. त्या दांपत्याचे डॉक्टर निखिल दातार हेही याचिकेत होते. त्या निकालावर देशभर चर्चा झाली, पण कायदा बदलायला २०२१ उजाडले. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बाळात गंभीर दोष असेल तर २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मताने निर्णय घेता येतो. २४ च्या पुढे प्रकरण राज्याने नेमलेल्या वैद्यकीय मंडळापुढे जाते आणि मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे असे नियमात आहे. निर्णय काय घ्यायचा हा त्या बाईचा आणि तिच्या घराचा प्रश्न. पण निर्णयाला वेळ तरी हातात हवा. अठराव्या आठवड्यात शंका आली तर दुसरे मत घ्यायला, पुढची तपासणी करायला महिनाभर मिळतो. तेविसाव्यात आली तर आठवडाही नाही.

कायद्याने चार आठवडे वाढवून दिले, विजयदुर्गचा रस्ता मात्र तेवढाच लांब आहे. या तपासणीसाठी गाव सोडावेच लागते. पडेल, जामसंडेमार्गे देवगड गाठा, नाहीतर सुमारे पन्नास किलोमीटर तळेऱ्यापर्यंत जाऊन मग महामार्गाने कणकवली. जिल्हा रुग्णालय त्याहून पुढे, ओरोसला. एसटीने गेले तर अख्खा दिवस जातो. सोनोग्राफीचा डॉक्टर प्रत्येक ठिकाणी रोज असतोच असे नाही, म्हणून आधी फोन करून वार आणि वेळ पक्की करणे बरे. हृदयाची खास तपासणी किंवा गर्भजलाची चाचणी सांगितली, तर कोल्हापूर, मुंबई नाहीतर गोवा. गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाने २०१८ पासून बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले आहे, तोही खर्च धरावा लागतो.

त्यात इथला हंगाम. समजा, शेवटची पाळी १ डिसेंबरला आली. अठरा आठवडे ६ एप्रिलला भरतात, वीस २० एप्रिलला आणि बावीस ४ मे रोजी. नेमके तेच दिवस हापूस उतरवायचे आणि पेट्या भरायचे. गाडी आंब्यात गुंतलेली, माणसे बागेत. “हंगाम आटपला की जाऊ” असे म्हटले जाते आणि १८ मे रोजी चोविसावा आठवडाही पुरा होतो. कॅनिंगचा आंबा तेव्हा अजून झाडावरच असतो. मच्छीमारांच्या घरी हेच नारळी पौर्णिमेनंतर होते आणि बाकी सगळ्यांच्या घरी चतुर्थीला.

सरकारी सोय नाही असे नाही. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची तपासणी होते. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील तपासण्या, सोनोग्राफीसह, मोफत आहेत. १०२ ची गाडीही त्यासाठीच आहे. पण ९ तारीख सगळ्यांच्या आठवड्यात बसते असे नाही. वरच्याच उदाहरणात ९ एप्रिल छान जमते, अठरा आठवडे आणि तीन दिवस. ती चुकली तर पुढची ९ मे, तेव्हा बावीस आठवडे उलटून पाच दिवस झालेले असतात. अशा वेळी पुढच्या नऊ तारखेची वाट बघू नये, आशाताईंना सांगून मधला दिवस मागून घ्यावा. खरे तर बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी होते तेव्हाच कार्डावर पहिल्या पानावर ‘सोनोग्राफी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ असे ठळक लिहिले, तर निम्मा घोळ मिटेल. त्याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय.

जाताना काय न्यायचे, यात लोक चुकतात. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, आधीच्या सगळ्या सोनोग्राफीचे कागद. पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट फार महत्त्वाचा, कारण पाळीची तारीख आठवत नसेल किंवा पाळी अनियमित असेल तर बाळाचे वय त्यावरूनच पक्के करतात. साखर, थायरॉईड, फिट यांच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी. नात्यातले लग्न असेल किंवा आधीच्या बाळाला काही दोष असेल, तर लाजू नये, आपणहून सांगावे. डॉक्टर मग त्या जागी जास्त वेळ बघतो.

उपाशी जायची गरज नसते. रक्ततपासणीसारखे समजून बाया सकाळपासून कोरड्या पोटी बसतात आणि वळणावळणाच्या रस्त्यात चक्कर येते. लघवी तुंबवून ठेवणे हे सुरुवातीच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीसाठी, पाचव्यात सहसा लागत नाही. केंद्रावर विचारून घ्यावे. कपडे सैल आणि पोट उघडे करता येईल असे. तपासणीला अर्धा तास सहज लागतो. बाळ पाठ करून झोपले असेल तर “जरा फिरून या, काहीतरी खाऊन या” असे सांगतात. क्वचित दुसऱ्या दिवशी बोलावतात. म्हणून परतीची शेवटची गाडी धरून निघू नये. आणि हा एक्स-रे नव्हे. आवाजाच्या लहरी असतात, बाळाला भाजत नाही की काही होत नाही.

तिथे एफ फॉर्म भरून घेतात, सही घेतात. मुलगा की मुलगी विचारणार नाही, असे त्यात लिहून द्यावे लागते. काहींना हा अपमान वाटतो. पण गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. देशाचा १९९४ चा त्यानंतर आला. सिंधुदुर्गात बायका पुरुषांहून जास्त, म्हणून आपल्याकडे हा प्रश्नच नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या हे खरे. पण त्यात मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा वाटा मोठा आहे. शून्य ते सहा वयाच्या मुलांत मुलींचे प्रमाण हजाराच्या बरेच खाली होते.

रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणजे हमी मिळाली असेही नाही. हृदयाचे काही दोष या तपासणीतून निसटतात, काही गोष्टी जन्मानंतरच कळतात. उलट, एखादी बारीक खूण दिसली म्हणजे बाळात दोष आहेच असे नाही. अशा वेळी “याच्या पुढे कोणती तपासणी, कुठे आणि कधीपर्यंत” एवढे डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यावे. दोष दुरुस्त होण्यासारखा असेल, तर बाळंतपण कुठे करायचे हे आधी ठरवता येते. लहान मुलांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयाजवळ जन्मलेल्या बाळाला पुढची धावाधाव वाचते.

आणि एक ओळ रिपोर्टमध्ये जरूर शोधावी, वार खाली आहे का. पाचव्यात खाली असलेली वार बहुतेकदा पुढे वर सरकते, म्हणून घाबरायचे कारण नाही. पण बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा बघावे लागते. तेव्हाही ती खालीच असेल तर अचानक रक्तस्राव होण्याचा धोका असतो. डिसेंबरच्या पाळीचे बाळंतपण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते, म्हणजे बत्तीस आठवडे ऐन पावसात, जुलैमध्ये. त्या बाईने शेवटचे दिवस विजयदुर्गात न काढता देवगड-कणकवलीकडे नातेवाइकांकडे राहायचे का, हे घरच्यांनी जुलैतच ठरवून ठेवलेले बरे.