मूठभर मोगरा



मे महिना आला की आमच्या सिंदेवाहीच्या वाटेवर बहावा फुलतो. पाने झडलेल्या झाडावर पिवळे घोस लोंबू लागतात. याच दिवसांत जंगलात तेंदूपानांचा हंगाम असतो. तो जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. बायका पहाटे घर सोडतात, वाकून पाने तोडतात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतात आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतात. मुलांच्या वह्या आणि पावसाळ्याचे बियाणे याच पैशांतून येते.

१० मे २०२५ रोजी आमच्याच तालुक्यातील मेंढा (माल) गावच्या तीन महिला पाने तोडायला गेल्या आणि वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. एकाच दिवशी तीन घरांतून आक्रोश उठला. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा भासतो, असे जाणकार सांगतात. पण पाने असोत की मोहफुले, वाकल्याशिवाय हाती येत नाहीत. आमच्या बायकांनी करायचे तरी काय?

शाळेला सुट्टी होती. मी घरीच होते. दारासमोर बहावा नेहमीसारखाच फुललेला. खरे सांगते, मला त्याचा राग आला. इतके मोठे दुःख झाले असताना याने असे फुलावे कसे? मी त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या दिवशी शेजारीण आली. तीही दरवर्षी पाने तोडायला जाते. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. पदरात मूठभर मोगरा होता. मला नवल वाटले. अशा दिवसांत फुले तोडायला मन कसे झाले, असे मी विचारलेही. ती म्हणाली, “मॅडम, पोरगी दोन दिस बोललीच नाही जी. काल मोगरा तोडाले लावलं, तवा तोंड उघडलं. मनून तुमच्यासाठी आणला.”

पोरीने तोंड उघडले ते मोजण्यासाठी. एक, दोन, तीन करत सत्तर फुले झाली की ती एक ढीग करी. पुडके बांधणाऱ्या घरातील मूल, हाताला सत्तरचीच सवय. दुसरा ढीग अर्धा झाला तेव्हा तिने हळूच विचारले, “आई, तू उद्या जाशील?” दोन दिवस घशात अडकलेला प्रश्न हाच होता. आई म्हणाली, “एकटी नाही जाणार.” याहून मोठे वचन तिला देता येत नव्हते, आणि खोटे तिने दिले नाही.

ती फुले घेताना मला एक हदीस आठवली. कुणी रैहान, म्हणजे सुगंधी वनस्पती दिली तर ती नाकारू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे, कारण ती वाहायला हलकी असते आणि तिचा गंध चांगला असतो. हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल. दुःखाच्या घरीही ते लागू पडते, हे मला शेजारणीने शिकवले. आपल्याला वाटते की सांत्वन स्वीकारले तर गेलेल्यांशी बेइमानी होईल. तसे नाही. हलकी वस्तू घेतल्याने जड ओझे नाहीसे होत नाही, पण हाताला क्षणभर दुसरे काही धरता येते.

मात्र फुलांवरच थांबू नये. मूता येथे हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला सांगितले, दुःखात बुडालेल्यांना चूल सुचत नाही. आजच्या काळात जेवणाच्या डब्याबरोबर कागदही आला. वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास शासन वारसांना २५ लाख रुपये देते, पण त्यासाठी पंचनामा, दाखले, बँकेचे खाते सारे लागते. आपल्यापैकी ज्यांना लिहिता-वाचता येते त्यांनी अशा घरी जाऊन अर्ज भरून द्यावा, सोबत कचेरीत जावे. शेजारी कोणत्या धर्माचा, हे तिथे विचारायचे नसते.

त्यानंतर मोहाचा एक हंगाम येऊन गेला. पूर्वी बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघत. आता माझी शेजारीण चांगले उजाडू देते, चार-पाच जणींना सोबत घेते, आणि एकीने तरी उभे राहून आजूबाजूला बघायचे असे त्यांनी ठरवले आहे. उशिरा गेल्याने फुले कमी मिळतात. भीती गेलेली नाही, पण पोट आहे.

पावसाळ्यात त्या मुलीने मोगऱ्याची एक फांदी आणून शाळेच्या भिंतीशी लावली. ती जगली. यंदा तिला पहिल्या कळ्या आल्या. मुलगी रोज मोजते. अजून सत्तर झालेल्या नाहीत.

माझी ती खिडकीही आता उघडी असते. अल्लाह त्या तिन्ही घरांना सब्र देवो आणि रोज जंगलात जाणाऱ्या प्रत्येक आईला संध्याकाळी सुखरूप घरी आणो. आमीन.